कमी उत्सर्जनाचा इमल्शन रंग: कोअलेसंट आणि प्लास्टिसायझर निवडण्यापासून चेंबर टेस्टपर्यंत

डब्यावर ‘शून्य व्हीओसी’ (हवेत उडणारी सेंद्रिय रसायने शून्य) छापलेले असते, तरी खोलीत महिनाभर वास रेंगाळतो. ग्राहक अशी तक्रार घेऊन येतो तेव्हा रंग बनवणारा खोटे बोलत असतो असे नाही. डब्यातले मोजमाप खरोखरच शून्याजवळ आलेले असते. मात्र डब्यात किती आहे आणि भिंतीवरून किती सुटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या कारखान्यांत पहिली सांभाळताना दुसरी सुटून जाते.

एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात इमल्शन बनवणाऱ्या आणि आता ‘लो व्हीओसी’ माल काढायचा ठरवलेल्या केमिस्टसाठी हा लेख आहे. प्रयोगशाळेत वजनकाटा, छोटा डिस्पर्सर, ड्रॉडाउनचे अॅप्लिकेटर (ठरावीक जाडीचा ओला थर ओढण्याचे साधन) आणि एक साधा फ्रिज असला तरी यातले बहुतेक करता येते. एक गोष्ट आधीच सांगतो. टेक्सानॉल (नेहमीचा कोअलेसंट, म्हणजे रंगातले कण जुळवणारे द्रव्य) काढले आणि त्याच वजनाचे दुसरे काही ओतले, असे करून हे काम होत नाही. अॅडिटिव्ह सर्वांत शेवटी निवडायचे असते.

थर जुळतो तो कसा

बाइंडर म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण, बहुधा ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. पाणी उडत जाते तसे कण एकमेकांना भिडतात, दाबले जाऊन चपटे होतात, आणि शेवटी कणांच्या सीमा ओलांडून पॉलिमरच्या साखळ्या एकमेकांत गुंततात. हे गुंतणे अर्धवट राहिले तर रंग वाळलेला दिसतो, पण ओल्या फडक्याने पुसताच खडूसारखा निघतो. गुंतण्यासाठी कण पुरेसा मऊ हवा. ज्या तापमानाखाली कण जुळतच नाहीत त्याला एमएफएफटी म्हणतात, म्हणजे फिल्म तयार होण्याचे किमान तापमान. आयएसओ २११५ किंवा एएसटीएम डी २३५४ या पद्धतींनी, एका टोकाला थंड आणि दुसऱ्या टोकाला गरम असलेल्या पट्टीवर ते मोजतात.

कणाला मऊ करण्याचे दोन मार्ग आहेत. प्लास्टिसायझर कणात शिरतो आणि तिथेच राहतो. कोअलेसंट शिरतो, काम उरकतो आणि हळूहळू निघून जातो. बेसनाच्या लाडवाला तूप कमी पडले तर तो फुटतो आणि जास्त झाले तर बसतो, तोच हिशेब इथेही आहे. फरक असा की कोअलेसंट नावाचे तूप लाडू वळून झाल्यावर बाहेर पडते, आणि पडते ते राहत्या खोलीच्या हवेत.

आता पेच असा. हलका कोअलेसंट लवकर उडतो, थर कडक होतो, पण व्हीओसी वाढते. जड घेतला तर आकडा सुधारतो, पण तो एकतर महिनोन्‌महिने थोडाथोडा सुटत राहतो, नाहीतर आतच राहून थर चिकट ठेवतो. दोन्ही टोके सांभाळणारे एकच द्रव्य बाजारात नाही. म्हणून मऊपणाची गरजच आधी कमी करायची आणि उरलेल्या गरजेपुरते अॅडिटिव्ह घालायचे.

पायरी १: कोणती मोजपट्टी लागू आहे ते ठरवा

‘लो व्हीओसी’ला जगभर एकच व्याख्या नाही. युरोपच्या २००४/४२ या निर्देशात ज्याचा उत्कलनबिंदू २५० अंशांपर्यंत आहे ते व्हीओसी. घरातल्या मॅट भिंतीच्या पाण्यावरच्या रंगाला २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅमची मर्यादा आहे. टेक्सानॉल सुमारे २५५ अंशांना उकळते, म्हणजे युरोपच्या हिशेबात ते धरलेच जात नाही. अमेरिकेच्या ‘मेथड २४’मध्ये रंगाचा नमुना ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवतात. जे उडाले त्यातून पाणी वजा केले की उरते ते व्हीओसी. तिथे टेक्सानॉल मोजले जाते. शिवाय अमेरिकेत आकडा ‘पाणी वगळून’ उरलेल्या आकारमानावर काढतात. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या नियम १११३ मध्ये भिंतीच्या रंगांना अशाच हिशेबाने लिटरमागे ५० ग्रॅमची मर्यादा आहे.

हे कागदावर मांडून पाहा. रंगाची घनता १.३५, त्यात १.५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, ०.८ टक्के टेक्सानॉल आणि ४५ टक्के पाणी आहे असे धरू. युरोपच्या व्याख्येने फक्त ग्लायकॉल मोजायचे: १.५ गुणिले १.३५ गुणिले १०, म्हणजे लिटरमागे साधारण २० ग्रॅम. टेक्सानॉलही धरले तर ३१ ग्रॅम. आता पाणी वगळा. एका लिटर रंगात सुमारे ६०८ मिली पाणी आहे, उरले ३९२ मिली. ३१ ग्रॅमला ०.३९२ ने भागले की येतात ७९ ग्रॅम. डबा एकच, पण आकडे तीन: २०, ३१ आणि ७९. ग्राहकाच्या निविदेत नुसते ‘५० ग्रॅमपेक्षा कमी’ लिहिले असेल, तर ‘कोणत्या पद्धतीने?’ हे लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी मोजपट्टी सर्वांत कडक. रंग लावलेली पट्टी बंद चेंबरमध्ये ठेवून हवेतले पदार्थ मोजतात. ही आयएसओ १६००० मालिकेतली पद्धत. तिथे व्हीओसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर हेक्झेन ते हेक्साडेकेन या पट्ट्यात येणारे सगळे. हेक्साडेकेन उकळते २८७ अंशांना. डब्याच्या हिशेबातून सुटलेले टेक्सानॉल, आणि त्याचा २८० अंशांच्या आसपास उकळणारा भाऊ टीएक्सआयबी, दोघेही इथे पकडले जातात. जर्मनीच्या एजीबीबी योजनेत तिसऱ्या दिवशी घनमीटरमागे १० मिलीग्रॅम आणि २८व्या दिवशी १ मिलीग्रॅम इतके एकूण व्हीओसी चालते. त्याहून जड, म्हणजे एसव्हीओसी गटातल्या पदार्थांना २८व्या दिवशी ०.१ मिलीग्रॅम. फ्रान्सच्या ए प्लस लेबललाही २८व्या दिवशी १ मिलीग्रॅमच्या आतच राहावे लागते.

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. कमी व्हीओसीची मागणी मात्र मुख्यतः हरित इमारतींच्या रेटिंगमधून येते: आयजीबीसी, गृहा, लीड. पुण्या-मुंबईतला आर्किटेक्ट जो कागद मागतो तो बहुधा डब्यातल्या ग्रॅमचा असतो. रुग्णालय, शाळा किंवा निर्यात असेल तर चेंबरचाही अहवाल मागतात. यातले तुम्हाला काय लागणार, यावर पुढची सगळी निवड अवलंबून आहे.

पायरी २: आधी बाइंडर बदलून पाहा

बाइंडरचा कडकपणा टीजीवर, म्हणजे काचसंक्रमण तापमानावर ठरतो. अॅक्रिलिकमध्ये तो मोनोमरच्या प्रमाणाने हवा तसा वळवता येतो. मिथाइल मेथाक्रिलेटच्या पॉलिमरचा टीजी १०५ अंश, ब्यूटाइल अॅक्रिलेटचा उणे ५४. फॉक्सच्या समीकरणात ही तापमाने केल्विनमध्ये घालून ५५ आणि ४५ टक्क्यांचे मिश्रण मांडले तर टीजी सुमारे १२ अंश येतो. निम्मे-निम्मे केले की ४ अंश. मोनोमरमध्ये पाचच टक्क्यांचा बदल, पण त्यातून कोअलेसंटची गरज बरीच खाली येते. बाइंडर तुम्ही स्वतः बनवत नसाल तरी पुरवठादाराशी बोलताना हे गणित हाताशी असू द्या. डेटाशीटवर टीजी आणि एमएफएफटी दोन्ही दिलेले असतात. नसतील तर मागा. पाणीही थोडे मऊपणा देते, त्यामुळे बऱ्याच बाइंडरांत एमएफएफटी टीजीपेक्षा थोडे कमी असते.

सरसकट मऊ बाइंडर घेतला की उन्हाळ्यात भिंत धूळ धरते आणि दार चौकटीला चिकटते. यावर तीन उपाय चलनात आहेत. एक, कोअर-शेल कण: बाहेरून मऊ, आतून कडक. दोन, वाळताना स्वतःच क्रॉसलिंक होणारे, म्हणजे साखळ्या एकमेकींना रासायनिकरीत्या जोडून घेणारे बाइंडर. डायअॅसिटोन अॅक्रिलामाइड आणि अॅडिपिक डायहायड्राझाइडची जोडी यात सर्वांत रुळलेली आहे. पाणी आणि अमोनिया निघून गेले की जोड पक्के होतात. दार-खिडक्यांच्या रंगाला मी हाच रस्ता सुचवेन. तीन, व्हिनाइल अॅसिटेट-इथिलीन, म्हणजे व्हीएई. त्यातले इथिलीन हेच कायमचे, पॉलिमरलाच जोडलेले प्लास्टिसायझर असते. ते कुठे उडून जात नाही. एमएफएफटी पाच अंशांच्या आत असलेले व्हीएई मिळतात आणि कोअलेसंटशिवाय आतल्या भिंतीचा मॅट रंग त्यांत चांगला जमतो. बाहेरच्या भिंतीला मात्र ते देऊ नका. पावसाचे पाणी आणि सिमेंटचा अल्कली यांच्यासमोर शुद्ध अॅक्रिलिकच टिकतो.

पायरी ३: किती थंडीसाठी बनवायचे

युरोपचे फॉर्म्युले पाच अंशांवर फिल्म जुळावी म्हणून बनवलेले असतात. तेच कागद आपल्याकडे जसेच्या तसे उतरवले जातात आणि गरज नसताना कोअलेसंट वाढतो. रत्नागिरीच्या घरात आतली भिंत पाच अंशांवर कधी जाणार? निफाडला किंवा महाबळेश्वरला जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो, हे खरे. पण तो माल एकूण विक्रीच्या किती? किनारपट्टीवरच्या आतल्या रंगाला १० ते १२ अंशांचे लक्ष्य पुरते. नाशिक, सातारा किंवा विदर्भाच्या हिवाळ्यासाठी ५ ते ७ अंश धरा, हवे तर हिवाळ्यापुरती वेगळी बॅच काढा.

एक खाच मात्र आहे. पाणी उडताना ओला थर हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो, आणि हवा कोरडी असेल तर अधिकच. त्यामुळे हवेचे नव्हे, ओल्या बल्बचे (ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचे) तापमान पाहा. संध्याकाळी चारनंतर बाहेरच्या भिंतीवर हात मारला तर रात्रीचा गारठा अर्धवट जुळलेल्या फिल्मला गाठतो.

दुसऱ्या टोकाला चंद्रपूर-नागपूरचा मे महिना. हवा ४५ अंशांच्या वर, उन्हातली भिंत त्याहून कितीतरी तापलेली. जड प्लास्टिसायझर आत साठलेला असेल तर भिंत धुळीने राखाडी होते. म्हणून महाराष्ट्राच्या बाहेरच्या रंगाला थंडीपेक्षा उन्हाची चिंता जास्त करावी, असे माझे मत आहे.

पायरी ४: कामानुसार द्रव्य निवडा

डायब्यूटाइल थॅलेट, म्हणजे डीबीपी, स्वस्त आहे आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अॅसिटेट) इमल्शनमध्ये वर्षानुवर्षे चालत आले आहे. त्याचा उत्कलनबिंदू ३४० अंश, त्यामुळे व्हीओसीच्या आकड्यात ते दिसतही नाही. तरीही ते कमी उत्सर्जनाचा पर्याय होऊ शकत नाही. प्रजननक्षमतेला अपायकारक म्हणून युरोपने ते अधिकृत परवानगीशिवाय वापरता न येणाऱ्या यादीत टाकले, आणि ती मुदत २१ फेब्रुवारी २०१५ ला संपली. निर्यातीच्या मालात त्याचा अंशही परवडत नाही. टाकीत उरलेला जुना साठा ‘संपवून टाकू’ म्हणून वापरू नका. पुढच्या बॅचच्या चाचणीत तो सापडतो.

ग्लायकॉल ईथरांत ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह १७१ अंशांना आणि ब्यूटाइल कार्बिटॉल व डीपीएनबी (डायप्रॉपिलीन ग्लायकॉल एन-ब्यूटाइल ईथर) २३०च्या आसपास उकळतात. सगळे व्हीओसीतच. जे पाण्यात जास्त विरघळतात ते पाण्यासोबत कोरड्या पुट्टीत शोषले जातात आणि कणापर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत. पोरस भिंतीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

टेक्सानॉलला आजही तोड नाही, हे कबूल केले पाहिजे. पाण्यात ते जेमतेम विरघळते, म्हणून जवळजवळ सगळे पॉलिमरमध्येच शिरते. कमी मात्रेत काम करते आणि अल्कलीतही टिकते. फक्त डब्यातल्या ग्रॅमची युरोपीय अट असेल तर ते काढायची गरजच नाही, नुसते कमी करा. चेंबरची अट असेल तर मात्र बाहेर. टीएक्सआयबी हा त्याचाच जड अवतार. ते हळू सुटते, म्हणून २८व्या दिवशी जास्त दिसू शकते. चेंबरसाठी त्याचा उपयोग नाही.

मग उरतात खरे जड पर्याय. ट्रायइथिलीन ग्लायकॉल बिस-२-इथाइल हेक्झानोएट, बोलीत टीईजी-ईएच, ३७० अंशांच्या वर उकळते. चेंबरमध्ये जवळजवळ दिसत नाही आणि मऊ करण्यात कार्यक्षम आहे. पण ते थरातच राहते. डायप्रॉपिलीन ग्लायकॉल डायबेन्झोएटही तसेच. त्याची अॅक्रिलिकशी आणि व्हिनाइलशी छान जुळणी होते, आणि घासण्याला थर टिकाऊ होतो. डायइथिलीन ग्लायकॉलचे डायबेन्झोएट स्वस्त पडते, पण शुद्ध असेल तर विशीतल्या तापमानाला गोठते. हिवाळ्यात ड्रम घट्ट होऊन बसला तर घाबरू नका. मिश्र डायबेन्झोएट घेतले की हा त्रास नाही. अॅसिटाइल ट्रायब्यूटाइल सायट्रेट, म्हणजे एटीबीसी, थॅलेटमुक्त आणि खेळण्यांपर्यंत वापरले जाणारे. महाग आहे, पण ‘बालवाडीसाठी’ असे लेबल लावायचे असेल तर विचारात घ्या.

वनस्पती तेलाच्या मेदाम्लांपासून बनलेले एस्टरही मिळतात. ते हवेतल्या ऑक्सिजनने वाळून थराचाच भाग होतात. ऐकायला आदर्श. पण तेल वाळताना हेक्झानलसारखे अल्डिहाइड सुटतात आणि त्यांचा वास नाकाला लगेच कळतो. शिवाय कपाटामागच्या अंधाऱ्या भिंतीवर पांढरा रंग पिवळा पडतो. पांढऱ्या रंगासाठी मी हे घेणार नाही.

आता हे जड द्रव्य कुठे चालेल? इथे पिगमेंटचे आकारमान-प्रमाण निर्णायक ठरते. छताचा किंवा भिंतीचा मॅट रंग पिगमेंट आणि फिलरने ठासून भरलेला असतो, बाइंडर थोडा असतो. आत राहिलेले एक-दोन टक्के टीईजी-ईएच त्या रंगाला चिकट करत नाही. चकाकीच्या रंगात बाइंडरच मुख्य. तिथे तेच द्रव्य नख रुतेल इतका मऊपणा ठेवते, आणि खिडकीचे तावदान चौकटीतून सोडवताना रंग उपटून येतो. म्हणून नियम सोपा ठेवा. मॅटला जड अॅडिटिव्ह चालेल. सॅटिन आणि ग्लॉसला क्रॉसलिंक होणारा बाइंडर घ्या आणि अॅडिटिव्ह जवळजवळ शून्यावर आणा. बाहेरच्या भिंतीला कोअर-शेल बाइंडर आणि लागलेच तर मोजके टेक्सानॉल. बाहेर खोलीच्या हवेचा प्रश्न नसतो, तिथे धूळ न धरणे जास्त मोलाचे.

जर्मनीत नव्वदच्या दशकापासून नव्याने रंगवलेल्या घरांत हिवाळ्यात भिंती अचानक काळ्या पडण्याच्या तक्रारी येत राहिल्या. तिथल्या पर्यावरण खात्याने शोध घेतला तेव्हा रंग आणि फरशीतून सुटणारे जड, मंद पदार्थ धुळीला चिकटवतात हे एक कारण पुढे आले. ‘जड म्हणजे निर्धोक’ असे समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

पायरी ५: ड्रम उघडण्यापूर्वी तपासा

मुंबईत मस्जिद बंदर-वडगादीच्या बाजारातून सुटा माल घेणाऱ्यांसाठी ही पायरी टाळण्यासारखी नाही. री-पॅक केलेल्या ड्रममध्ये महाग प्लास्टिसायझरात स्वस्त मिसळलेले असू शकते. घनतेवरून सगळेच ओळखू येत नाही. एटीबीसी आणि डीबीपी दोन्हींची घनता १.०५ च्या आसपास आहे. पण अपवर्तनांक मोजणाऱ्या अॅबे रिफ्रॅक्टोमीटरवर एटीबीसी १.४४ दाखवते आणि डीबीपी १.४९. थोडी भेसळही तिथे पकडली जाते. टेक्सानॉलची घनता ०.९५ आणि अपवर्तनांक १.४४. डायप्रॉपिलीन ग्लायकॉल डायबेन्झोएटची घनता १.१२ आणि अपवर्तनांक १.५३. तापमान पाळून मोजा, प्रत्येक लॉटची नोंद ठेवा आणि शंभर मिली नमुना वर्षभर जपून ठेवा. ‘थॅलेटमुक्त’ असल्याचे पत्र पुरवठादाराकडून लॉटनुसार घ्या. पहिल्या लॉटची जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) बाहेरून करून घेतलेली बरी.

पायरी ६: शिडी लावून किमान मात्रा शोधा

डेटाशीटवरची मात्रा नुसती सुरुवात म्हणून घ्या. अॅडिटिव्हशिवाय एक बेस बनवा. त्याच्या दोनशे ग्रॅमच्या पाच बरण्या करा. रंगात ४० टक्के बाइंडर आणि बाइंडरचे घन ५० टक्के असेल तर एका बरणीत ४० ग्रॅम घन पॉलिमर आहे. अॅडिटिव्ह नेहमी या घनावर मोजा: ०, २, ४, ६, ८ टक्के म्हणजे ०, ०.८, १.६, २.४, ३.२ ग्रॅम. ढवळत थेंबथेंब घाला आणि झाकण लावून ठेवा. टेक्सानॉलला रात्रभर पुरते. टीईजी-ईएच किंवा डायबेन्झोएटला दोन दिवस द्या. ते कणात शिरायला वेळ घेतात. घाई केली तर मात्रा कमी पडते आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या प्रत्येक बॅचमध्ये फुकटचे प्लास्टिसायझर जाते.

फ्रिज लक्ष्याच्या तापमानावर लावा. फक्त रंग नव्हे, कागद, काच आणि अॅप्लिकेटरही आदल्या रात्रीच आत ठेवा. दोनशे मायक्रॉनचा ओला थर ओढा, अर्धा सील केलेल्या आणि अर्धा सील न केलेल्या कागदावर. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा थर पटकन कोरडा करतो आणि तडे उगाच जास्त दिसतात, म्हणून पट्टी उघड्या खोक्यात ठेवा. चोवीस तासांनी भिंगाखाली पाहा. तडे, पावडर, किंवा सील केलेल्या आणि न केलेल्या भागांत छटेचा फरक दिसला तर फिल्म जुळलेली नाही. याखेरीज एका कोपऱ्यात रंग जाड भरून ठेवा. चिखलासारखे तडे आधी तिथे येतात.

ज्या बरणीत पहिल्यांदा सगळे स्वच्छ दिसले तिच्यावर अर्धा ते एक टक्का वाढवा आणि थांबा. ‘असू द्या थोडे जास्त’ ही सवय मोडायची आहे.

पायरी ७: बॅचमध्ये घालताना

कोअलेसंट एकदम बाइंडरवर ओतला की कण फुगून एकत्र येतात आणि चाळणीवर रवा सापडतो. शक्य असेल तेव्हा ते मिलबेसमध्येच घाला, म्हणजे पिगमेंट दळताना, बाइंडर येण्यापूर्वी. नंतरच घालायचे असेल तर थोडे पाणी आणि नॉन-आयनिक सर्फॅक्टंटमध्ये आधी इमल्सिफाय करून बारीक धारेने, मंद फिरवत घाला. जड द्रव्य घातल्यावर दाटपणा चोवीस तासांत बदलतो, विशेषतः असोसिएटिव्ह थिकनर (बाइंडरच्या कणांना धरून दाटपणा देणारा) असेल तर. म्हणून स्टॉर्मरचे (दाटपणा मोजणाऱ्या यंत्राचे) अंतिम वाचन दुसऱ्या दिवशी घ्या, त्याआधी डबे भरू नका.

पायरी ८: उरलेले चोर पकडा

कोअलेसंट काढला तरी चेंबरमध्ये आकडा उतरत नाही तेव्हा शोध इतरत्र घ्यावा लागतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते. ते थंडीत रंग गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडे रंग गोठत नाही, तरी ब्रश ओढायला ओल टिकते म्हणून ते राहते. ते काढले तर नागपूरच्या उन्हाळ्यात हाताचे जोड दिसू लागतील. पाणी धरणारा सेल्युलोज थिकनर वाढवा आणि रंगाऱ्याला भिंत आधी ओलसर करायला सांगा. मिनरल ऑइलचा डिफोमर (फेस मोडणारे द्रव्य) हा छुपा एसव्हीओसी. त्याऐवजी सिलिकॉन किंवा पॉलिमरवर आधारलेला घ्या. बाइंडरमध्ये उरलेले मोनोमर किती पीपीएम आहेत ते विचारा. वास बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

प्रिझर्व्हेटिव्हचा हिशेबही बदलतो. ग्लायकॉल आणि सॉल्व्हंट गेले की जंतूंना रान मोकळे. पावसाळ्यात भिवंडीच्या गोदामात ठेवलेला कमी व्हीओसीचा डबा फुगतो तो यामुळे. मात्रा वाढवावी लागेल, पण फॉर्माल्डिहाइड सोडणारे प्रकार टाळा. फ्रेंच ए प्लससाठी फॉर्माल्डिहाइड घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या खाली लागते. टाक्या धुण्याचे पाणी पुढच्या बॅचमध्ये ओतण्याची सवयही याच वेळी सोडा.

आणि दुकानातले टिंटिंग मशीन. पांढरा बेस शून्याजवळ, पण गडद छटेसाठी लिटरमागे शंभर मिलीपर्यंत स्टेनर (रंगछटेची पेस्ट) पडतो. तो ग्लायकॉलने भरलेला असेल तर सगळी मेहनत वाया. डीलरच्या मशीनमध्ये ग्लायकॉलमुक्त पेस्ट आहेत का, हे विक्री खात्याने नव्हे, तुम्ही स्वतः तपासा. अशा पेस्ट नॉझलवर लवकर सुकतात, म्हणून रोज पुसण्याची तंबी डीलरला द्यावी लागते.

पायरी ९: थर टिकतो का

घासण्याची चाचणी आयएसओ ११९९८ने करा. दोनशे फेऱ्यांत पाच मायक्रॉनपेक्षा कमी झीज झाली तर पहिला वर्ग, वीसपर्यंत दुसरा. पट्टी २८ दिवस वाळवूनच घासा. कोअलेसंट निघून जायला तेवढा काळ लागतो. कडकपणा क्योनिगच्या लोलकाने पहिल्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मोजा. आकडा चढत गेला तर कोअलेसंट उडतो आहे, सपाट राहिला तर आतच बसला आहे. ही एक रेघ पुष्कळ सांगते आणि तिला जवळजवळ काही खर्च येत नाही. चकाकीच्या रंगात एएसटीएम डी ४९४६ची ब्लॉक टेस्ट: दोन रंगवलेले पृष्ठ समोरासमोर, वर वजन, ओव्हनमध्ये ५० अंशांवर अर्धा तास. वेगळे करताना आवाज आला किंवा रंग उपटला तर त्या मात्रेवर पुन्हा काम करा. डबा ५० अंशांवर दोन आठवडे ठेवून पीएच, दाटपणा आणि फिल्म तपासा. एस्टर अल्कलीत तुटत असतील तर पीएच घसरतो. ताज्या, ओल्या प्लास्टरवरही एक पट्टी हवीच, कारण बाजारात रंगारी प्लास्टर पूर्ण वाळायची वाट पाहत नाही. कोकणातल्या दमट हवेत लावलेल्या थरावर दुसऱ्या दिवशी पाणी पडले तर सर्फॅक्टंट वर येऊन चकचकीत ओघळ दिसतात. ते पुसून जातात, पण ग्राहकाला आधी सांगितलेले असले पाहिजे.

पायरी १०: चेंबरला पाठवताना

पहिला नमुना पांढरा, दुसरा तुमच्या शेडकार्डातला सर्वांत गडद. दोन्ही नेहमीच्या उत्पादनातल्या बॅचमधले, प्रयोगशाळेतल्या बरणीतले नव्हे. डबा काठोकाठ भरून सीलबंद करा आणि बॅच नंबर व तारीख लिहा. सॉल्व्हंटच्या रंगांशेजारी तो ठेवू नका. मालवाहतुकीत झाकणातून वास शिरल्याने नमुने नापास झाल्याची उदाहरणे या धंद्यात आहेत. युरोपीय पद्धतीत ३० घनमीटरची काल्पनिक खोली, २३ अंश, ५० टक्के आर्द्रता आणि तासाला अर्धा हवाबदल धरून हिशेब होतो. आपली मे महिन्यातली बंद एसी खोली दुपारी एसी बंद असताना याहून बरीच गरम असते, आणि तापमानासोबत उत्सर्जन वाढते. म्हणून मर्यादेला टेकून पास झालेल्या फॉर्म्युल्यावर समाधान मानू नका. निम्म्यावर आणा.

बॅचकार्डवर अॅडिटिव्हचे नाव, लॉट, घन बाइंडरवरचा टक्का आणि घालण्याची वेळ यांचे रकाने आजच छापून घ्या. बाइंडरचा पुरवठादार किंवा ग्रेड बदलला की जुना टक्का लागू राहत नाही. पायरी सहावरून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि चेंबरचा अहवालही त्या नव्या फॉर्म्युल्यासाठी वेगळा लागतो.